कपड्यांच्या तारेवरचा जोड

सुप्याच्या कंपनीत मी दिवसभर पॅनेलच्या वायरी जोडतो. वायर सोलायची, तांब्याच्या तारा लगच्या धातूच्या टोपीत घालायच्या, पकडीनं दाबायच्या आणि ओढून बघायचं. ओढून बघितल्याशिवाय जोड झाला म्हणायचं नाही. नवा कामगार हे विसरला की मी लई खेकसतो त्याच्यावर.

आणि घरी? दिव्याखाली अंधार. पाण्याच्या मोटारीची वायर कमी पडली, तेव्हा दोन टोकं नुसती पिळली. टेप सापडली नाही, म्हणून वर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला आणि ती वायर कपडे वाळत घालायच्या तारेला बांधून टाकली. रविवारी नीट करू म्हटलं. असे किती रविवार गेले, देवाला ठाऊक.

पुढं आई म्हणायला लागली, "हाताला मुंग्या येत्यात रं."

मी म्हटलं, शुगर असेल. ती परत परत सांगायची आणि मी वैतागायचो. "आये, तुझं रोज एक नवीनच असतं!" तरी पाय जप म्हणून रबरी चपला आणून दिल्या. बायकोचे दिवस भरत आलेले, त्यामुळे धुणं आईच वाळत घालायची.

शेवटी तिचं रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून दोघं रिपोर्ट आणायला गेलो. डॉक्टर म्हणाले, शुगर नाही, काहीच नाही. मी खूश. गाडीला किक मारता मारता सहज विचारलं, "मग मुंग्या येतात तरी कधी?"

"धुणं वाळत घालताना. तारंला हात लावला की."

त्याच तारेला मी मोटारीची वायर बांधलेली. आई माझ्या मागं बसलेली, म्हणजे आज धुण्याची बादली बायकोच्या हातात. ती तर अंगणात कायम अनवाणी. फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग गाडी अशी हाणली की आई मागून ओरडत होती, "आरं हळू! झालंय काय?"

अंगणात शिरलो. बायको तारेखाली, चिखलात उभी. जिवंत! धुणं सगळं घालून झालेलं. मला बघून तिनंच तोंड सोडलं, "सकाळपासून लाईट न्हाई. बटण चालू ठेवून बसलेय, पन मोटार सुरू व्हईल तर शपथ! हापशावरनं पानी आनलं."

ज्या लाईटला मी रोज शिव्या घालतो, तिला त्या क्षणी हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात कोपऱ्यातली मोटार घरघरली.

"आली बाई एकदाची!" म्हणत तिनं तारेवरची साडी सारखी करायला हात वर केला. मी झडप घालून तिला मागं खेचलं. दोघंही चिखलात पडलो. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

आई अजून गाडीजवळच उभी होती. तिनं आधी सुनेच्या पोटाकडं बघितलं, मग तारेवरच्या त्या दुधाच्या पिशवीकडं.

"मी सांगत हुते न्हवं?" ती म्हणाली.