आमचा बचत गट संग्रहालयात

आमच्या बचत गटाचे किस्से तांदळातल्या सोंड्यांसारखे आहेत. कुठून येतात कळत नाही, पण डबा उघडला की असतातच! आम्ही शिरूरहून पुण्याला आदिवासी संग्रहालय बघायला गेलो, त्या एका दिवसाचे किस्से तर अजून पुरतात. आता हसू येतं. तेव्हा जीव टांगणीला लागला होता, कारण सहल ठरवणारी मी!

* * *

पुरुषमाणूस बरोबर न घेता काढलेली ही आमची पहिलीच सहल. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अट घातली. "जावा. पर एक जरी बाई हरवली, न्हाईतर काय भानगड झाली, तर पुन्हा सहलीचं नाव काढायचं न्हाई!"

आमच्या आळीत आबांचा शब्द मोडत नाहीत.

"माझी काळजी करू नगं," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. येताना वाघोलीला भाचीचं बाळ बघायचं होतं, म्हणून त्यांनी पिशवीत लोकरीचं टोपडं घेतलं होतं. नवं बाळ बघायला त्या रिकाम्या हाताने जात नाहीत.

* * *

शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत अडकलो. आबांचा फोन. "कुठं पोचला?"

"शिक्रापूर."

थोड्या वेळाने पुन्हा. "आता?"

"शिक्रापूरच!"

"म्हंजी गाडी बंद पडली का काय?"

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी घाबरून "वाघोली" म्हणून टाकलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून आमच्या मंदाताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आगं, आजून शिक्रापूरच हाय तर भजी तरी खाऊ की!"

आबांनी खटकन फोन ठेवला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

* * *

संग्रहालयाच्या दारात गार्डने बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही. लावला तर अख्खा ग्रुप बाहेर, आणि पुन्हा परवानगी नाही!"

आत देवांचे मुखवटे आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी चपला दारातच काढल्या.

"ताई, हे देऊळ नाही. चपला घाला."

"देव हायत न्हवं आत?" मंदाताई म्हणाल्या. "मग देऊळच की!"

मुखवट्यांपुढे त्यांनी कमरेची हळदी-कुंकवाची पुडी सोडली. मी झडप घातली. "मंदाताई, लांबूनच नमस्कार करा!"

"आन् कुंकू लांबून कसं लावू?"

पुडी मी पर्समध्ये कोंबली. बोटाला लागलेलं कुंकू वाया कशाला घालवायचं, म्हणून ते त्यांनी माझ्याच कपाळाला लावलं.

* * *

वारली चित्रांच्या दालनात फार सुंदर चित्रं होती म्हणे. मी पाहिली नाहीत. मी बायका मोजत होते, आणि एक कमी भरत होती. आत्या!

नेमका आबांचा फोन. "तुझ्या आत्याला दे जरा."

"त्या... चित्रं बघतायत," म्हणून मी फोन ठेवला. धावत सगळी दालनं पालथी घातली.

शेवटच्या दालनात एक आदिवासी घर उभं केलं होतं. चूल, जातं, आणि मांडीवर तान्हं बाळ घेतलेल्या बाईचा पुतळा. दोरी ओलांडून आत्या तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या होत्या. बाळाच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं, पायाशी बिस्किटांचा पुडा!

"आत्या, उठा आधी!"

"उठते की. लेकराचं त्वांड बघितलं, तशीच रिकामी उठू व्हय?"

मागे वळले तर गार्ड उभा. आजची सहल गेली, पुढच्याही गेल्या. पर्समध्ये आबांचा फोन पुन्हा वाजायला लागला. मी हात जोडले.

गार्ड भिंतीतल्या कपाटाकडे गेला आणि त्याने ते किल्लीने उघडलं. आत टोपडी होती. लोकरीची, सुती, झालरीची. शेजारी खुळखुळे आणि काजळाची एक डबी.

"टोपडं राहू द्या, आजी," तो म्हणाला. "बिस्किटं तेवढी उचला. मुंग्या होतात."