नव्या डब्यात थोरलीची सिस्टीम

कारखान्यातली ती खुर्ची थोरलीची. टोप्यांवर, गणवेशांवर भरतकामाचं मशीन जे काही काढायचं, ते आधी थोरली संगणकावर टाका टाका करून बसवायची. मग जुना संगणक जळाला, नवा आला, आणि खुर्चीत तिची धाकटी जाऊ येऊन बसली. नव्या प्रोग्रामवर तिची बोटं भराभर चालायची. थोरली दोरे गुंडाळत मान वाकडी करकरून बघायची.

"काय गं, उशीपण नवी आणलीस?"

"तुमचीच आहे की, ताई. फक्त अभ्रा धुतला."

तो धुतलेला अभ्राच थोरलीच्या जिव्हारी लागला. तिनं दिराला गाठलं.

"भाऊजी, माझी जुनी सिस्टीम टाका ह्यात. माझा प्रोग्राम तिच्यावरच चालतो."

"वहिनी, नव्याकोऱ्या मशीनमध्ये ते जुनंपुराणं कशाला?"

"मीही जुनीपुराणीच. मलापण काढा मग!"

दुरुस्तीवाल्यानं नव्या सिस्टीमशेजारी जुनी बसवली. ओळखीचा पडदा उजळला. थोरली ऐटीत खुर्चीत बसली, माउस हलवला. बाण ढिम्म. कीबोर्ड बडवला. तोही ढिम्म.

"बाई, ह्या यूएसबीच्या खाचा नव्या आहेत," दुरुस्तीवाला म्हणाला. "तुमची सिस्टीम त्यांना ओळखतच नाही. गोल पिनांचा जुना कीबोर्ड-माउस असता तर चाललं असतं. त्याची खाच आहे मागे."

थोरलीचा चेहरा पडला. जळक्या संगणकाबरोबर ती जोडी तिनंच भंगारात काढायला लावली होती.

धाकटी गुपचूप उठली, माळ्यावरून पिशवी काढून आणली. आत तीच जोडी, ब्रशनं घासून ठेवलेली.

बाण हलला. थोरलीचा मात्र तिळपापड झाला. वाचवलं, तेही हिनं!

"का ठेवलंस हे?"

"माझं काम भराभर होतं, ताई. पण गिऱ्हाईक टोपी हातात घेऊन विचारतं, ह्यात थोरल्या बाईंची कुठली? तुमच्या नक्षीतलं पान कसं वळतं, ते तुम्ही बसवताना बघायचं होतं." धाकटीनं मान खाली घातली. "पोटात दुखतं माझ्या."

थोरलीला कसं गार गार वाटलं. हिच्याही दुखतं तर!

"ये. स्टूल ओढ."

तिनं देठ दाखवला, कड दाखवली, टाक्यांची दिशा दाखवली. पानाचं टोक आलं, तसा तिचा खांदा जरासा पुढे सरकला. पडद्याचा नेमका तेवढाच कोपरा झाकला गेला.

"कळलं?"

"टोक नाही दिसलं, ताई."

"ते उद्या," थोरली म्हणाली, आणि पाठीमागची उशी सारखी करून आरामात टेकली.