गजभिये काकांच्या पोपटाचा अर्ज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात जंगल खात्याच्या एका ऑफिसात मी क्लार्क होते. आवक-जावक माझ्याकडे. घराशेजारी गजभिये काका, भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले, एकटे. त्यांच्याकडे एक करडा आफ्रिकन पोपट होता. काकू गेल्या, पण पोपट त्यांच्याच आवाजात विचारायचा, "अवो, जेवले काय?" काका त्याला "हौ, बसतोच" म्हणत आणि मगच ताट घेत.

मग नियम आला — असे विदेशी पक्षी पाळणाऱ्यांनी सहा महिन्यांत ऑनलाइन नोंदणी करायची. नाहीतर जप्ती. काका अर्ज लिहून माझ्याकडे आले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? कॉलनीत कायद्याचं काही अडलं की लोक मलाच विचारायचे. आणि मला तो ऑनलाइन फॉर्म भरताच येत नव्हता. ऑफिसातल्या नव्या पोरांना विचारायचं? लाज वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी काय केलं — त्या साध्या अर्जावर आवकचा शिक्का मारला, नेहमीची गिचमिड सही केली, एक प्रत त्यांना दिली. "झालं काका तुमचं काम." दुसरी प्रत ड्रॉवरमध्ये टाकली. शिक्का पडला की काम झालं, असं आपल्याकडे सगळेच मानतात. काकांनी तो कागद लॅमिनेट करून पिंजऱ्याला बांधला.

वर्षभराने ते पोपट घेऊन मुलीकडे नागपूरला निघाले. जंगल खात्याच्या नाक्यावर अडवलं. त्यांनी कागद दाखवला. तिथून ऑफिसात फोन आला, तो मीच उचलला. नोंदणी आहे का? — नाही. मग हा अर्ज? ड्रॉवर माझ्या गुडघ्याशी होता. मी म्हटलं, माहीत नाही.

घाबरले होते, नोकरीसाठी. बाकी काही वाटलं नाही. फोन ठेवला आणि डबा खाल्ला.

पोपट जप्त झाला. काकांवर केस चालू आहे. ड्रॉवरमधली प्रत मी त्याच दिवशी फाडली — हेही सांगून टाकते.

आठवड्याने काका आमच्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "बाई, तुमाले न इचारता पाखरू गावाबाहेर नेलं. माहीच चूक झाली. तुमच्यावर तं काई आलं नाई ना?"

"नाई काका. जाऊ द्या आता."

त्यांना बरं वाटलं. मी त्यांना माफ केलं होतं.