बिनघुरघुरीचा डबा

देवाजी मोहाडीकराच्या दुकानाला पाटी नव्हती. इतवारीत, एका कापडाच्या गोदामाच्या जिन्याखाली आठ बाय पाचची जागा. देवाजी आत बसला की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं. तरी पंचाहत्तर-शहात्तर सालापासून अर्ध्या नागपुराला हा जिना ठाऊक होता, कारण देवाजी एलिमिनेटर बनवायचा. एलिमिनेटर म्हणजे पत्र्याचा एक डबा. त्याची एक वायर घरातल्या विजेला लावायची, दुसरी ट्रान्झिस्टरला नाहीतर टेपला, की सेल विकत आणायची कटकट संपली. असे डबे बाजारात पैशाला पासरी मिळत. पण ते लावले की गाण्याच्या मागं सतत घुर्र घुर्र ऐकू येई, जणू आत कोणी म्हातारा घोरत पडला आहे. देवाजीचा डबा घुरघुरत नसे. लोक लकडगंजातून, महालातून, पार कामठीहून तो न्यायला येत. देवाजी चष्मा नाकावर सरकवून म्हणे, "आपल्या कामात खोट नाही गा."

खोट होती. आणि ती कुठे होती हे साऱ्या शहरात फक्त देवाजीला ठाऊक होतं.

घरातली वीज सेलातल्या विजेसारखी शांत नसते, ती एका सेकंदात पन्नास हेलकावे खाते. हे हेलकावे निवाले नाहीत तर तेच घुरघुर होऊन स्पीकरमधून बाहेर पडतात. ते पोटात घेण्यासाठी डब्यात कंडेन्सर बसवायचा असतो, आणि तो चांगला दमदार लागतो. कामठीच्या ज्या उस्तादाकडे देवाजी तारेला कथलाचा डाग द्यायला शिकला, तो म्हणायचा, पहिले वीज साफ करायची, आवाज मागून आपोआप साफ होते. पण दमदार कंडेन्सर मुंबईहून मागवावा लागे आणि यायला पंधरा-वीस दिवस लागत. गिऱ्हाइकाला डबा संध्याकाळी पाहिजे असे. अशाच एका घाईच्या दिवशी देवाजीला युक्ती सुचली. घुरघुर हा खालच्या पट्टीतला, जाड आवाज. मग वीज साफ करण्याच्या भानगडीत पडायचंच कशाला? गिऱ्हाइकाचा रेडिओ उघडायचा, स्पीकरच्या वाटेवर एक बारकासा कंडेन्सर टाकायचा आणि जाड आवाजच अडवायचा. घुरघुर डब्यातून निघायची तशीच निघे, फक्त स्पीकरपर्यंत पोचत नसे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पण आग दिसली नाही तर विचारतो कोण?

खरंच कोणी विचारलं नाही. लोक सिनेमाची गाणी ऐकत, बायकांचे बारीक गोड गळे, त्यांत गाळण्यासारखं जाड असतं तरी किती? बातम्या ऐकत, त्यांत शब्द कळले की झालं. "डब्याबरोबर तुमचा सेटही ठेवून जा, मी जोडी जमवून देतो," असं देवाजी सांगे, आणि ही जोडी जमवणं म्हणजे काहीतरी मोठी विद्या असणार असं लोकांना वाटे. पहिल्या वर्षी देवाजीला मनात टोचायचं. दुसऱ्या वर्षी तोच म्हणू लागला की ही आपली खास पद्धत आहे. माणसाचं असंच असतं, लबाडीला नाव चांगलं मिळालं की ती कारागिरी होऊन बसते.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर तांडापेठेतली मनकर्णाबाई दुकानावर आली. साठीची, काटकुळी बाई, बगलेत टॉवेलात गुंडाळलेला कॅसेटचा टेप. तिचा नवरा बळीराम हातमागावर लुगडी विणायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवाळीत बळीरामचा भाचा चंपतराव, जो भिलाईला कारखान्यात होता, त्यानं मामाचं बोलणं टेप करून ठेवलं होतं. काठावरची रुईफुलं कशी उठवायची, किती तार सोडून किती उचलायचे, हे सगळं बळीराम त्यात सांगत होता. पोरं आता पॉवरलूमवर गेली, कोणी विचारणार नाही, निदान मामानं बोलून तरी ठेवावं, एवढाच हेतू. टेप भाच्यानं मामीजवळच ठेवला.

"मी रोज दुपारी आयकतो थे," मनकर्णाबाई म्हणाली. "सेल लवकर बसते, मंग आवाज रडल्यावानी होते. दुसऱ्याचा डबा लावला तं त्याच्यात घुरघुर. आमच्या गल्लीत पॉवरलूम हायेत ना, करंटच खराब. चार दिवसानं ह्यायचं सालाचं सराद हाय. सगळे पाव्हने येतीन. त्यायले आयकवाचं हाय. होईन का गा भाऊ?"

"काहून नाही होनार, काकू? उद्या घेऊन जा."

तिनं लुगड्याच्या ओच्यातून कॅसेट काढली. "थे लावून पाहा ना. ह्यायचाच आवाज हाय."

"त्याची गरज नाही, माह्याजवळ कॅसेट हाय तपासाले," देवाजी म्हणाला. त्यानं तिची कॅसेट हातातसुद्धा घेतली नाही. ती गेल्यावर नेहमीप्रमाणे टेप उघडला, बारका कंडेन्सर टाकला, एक सिनेमाचं गाणं लावलं, घुरघुर नाही याची खात्री केली आणि झाकण बंद केलं. पाऊण तासाचं काम. पुढे पुष्कळ वर्षांनी बायकोला हे सांगताना तो एवढंच म्हणाला, कॅसेट लावली असती तर तिथल्या तिथं कळलं असतं.

मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेली; आता सालाच्या दिवशी सगळ्यांसोबतच लावायचा, म्हणाली. जाताना सालाच्या जेवणाचं अगत्याचं आमंत्रण देऊन गेली, आणि नाही म्हणायला देवाजीला कारण नव्हतं.

सालाच्या दिवशी तांडापेठेतल्या त्या लांबोळक्या घरात तीसएक माणसं जमली होती. बळीरामचा माग एका बाजूला चादरीखाली झाकलेला होता. भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याच्यासमोर पाटावर टेप, शेजारी देवाजीचा डबा. पानं मांडण्याआधी सगळ्यांना बसवून चंपतरावनं बटण दाबलं. घुरघुर नव्हती. कोणीतरी "वा!" म्हणालंसुद्धा.

मग बळीराम बोलू लागला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत देवाजीला कळलं. शब्द माणसाचे होते, पण आवाजाला छातीच नव्हती. गड्याच्या गळ्यातलं खालचं सगळं खरवडून काढलेलं, वरची साल तेवढी उरलेली. एखाद्या शाळकरी पोरानं आज्याची नक्कल करावी तसा तो बारीक, कोरडा आवाज रुईफुलांचे तार मोजत होता. देवाजीनं बळीरामला जन्मात पाहिलं नव्हतं. तरी हा माणूस असा बोलत नव्हता हे त्याला कळलं, कारण कापणारा हात त्याचाच होता.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. चंपतरावच बोलला, "मामी, हा मामाजीचा आवाज वाटत नाही वं."

मनकर्णाबाई टेपच्या अगदी जवळ बसली होती. तिनं मान तिरपी करून आणखी थोडं ऐकलं. "कॅसेट तं थेच हाय," ती म्हणाली. "घुरघुर होती तवा नीट आयकूच येत नसन. आता साफ झाला. असाच असन त्यायचा आवाज." आणि मग सगळ्यांसमोर, "मीच विसरली वाटते. साल झालं ना."

बायांनी तिची समजूत काढली, मानूस गेलं का पहिले त्याचा आवाजच जाते बाई, असं होतेच. चंपतरावनं टेप बंद केला आणि वातावरण हलकं करायला देवाजीच्या पाठीवर थाप मारली. "पन घुरघुर मात्र बिलकुल नाही. मानलं देवाजी तुमाले!"

देवाजीच्या खिशात पेचकस होता. तो कारागीर, त्याच्या खिशात तो नेहमीच असे. पाच मिनिटांचं काम होतं. झाकण उघडून तो चिमुकला कंडेन्सर उपटायचा, सरळ तार जोडायची. घुरघुर आली असती, पण तिच्यामागून बळीरामही आला असता. फक्त त्यासाठी तीस माणसांच्या देखत म्हणावं लागलं असतं, की माझा डबाही इतरांसारखाच घुरघुरतो, मी फक्त तुमचे कान बांधतो. देवाजी उठला नाही. मनकर्णाबाईनं पहिलं पान त्याला वाढलं. पुरणपोळी, वडे, कढी. "तुमच्यामुळं झालं भाऊ," म्हणत तिनं पोळीवर हात सैल सोडून तूप ओतलं. आणि देवाजी जेवला. आग्रह झाला तर आणखी एक पोळी घेतली, कारण नाही म्हटलं तर कोणी काहून विचारलं असतं.

लाज त्याला घरी आल्यावर चढली आणि उतरलीच नाही. वास्तविक त्यानं दुसऱ्या दिवशी सायकल काढून तांडापेठेत जायला हवं होतं. तो गेला नाही, उलट त्या बाजूची गल्लीच त्यानं सोडली. पाचपावलीला जायचं तरी लांबून फेरा घेऊन जाई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला वाटे की दुकानापुढून जाणारी प्रत्येक म्हातारी टेप परत करायला येते आहे. मुंबईहून त्यानं दमदार कंडेन्सरांचं अख्खं खोकं मागवलं. नव्या डब्यांत तो आता तेच टाकू लागला आणि लोकांच्या सेटांना हात लावीनासा झाला. पण जुने डबे शहरभर पसरले होते, आणि त्यांची वाहवा अजून त्याच्याच नावावर जमा होत होती. कोणी कामाची तारीफ केली की तो खेकसे. बायकोला वाटलं, ह्यांना पित्त झालं.

सात महिने असे गेले. जूनच्या सुरुवातीला, अजून उकाडा हटला नव्हता तेव्हा, बुधवारीच्या बाजारात कांदे घेताना मनकर्णाबाईच त्याच्या समोर आली. पळायला जागा नव्हती.

"बरं हाय ना काकू? टेप चालते ना?" नको तेच त्याच्या तोंडून गेलं.

"चालत असन बाप्पा. मी बांधून ठेवून देला. आयकवत नाही. घरात परका मानूस बोलून राहिला असं वाटते." ती कांदे पिशवीत टाकत होती. "तुमचं काम चांगलंच हाय हो. माह्यंच ध्यान गेलं."

देवाजी त्या रात्री नीट झोपला नाही, पण त्यात कौतुक काही नाही. कौतुक करायचं तर एवढंच की रविवारी सकाळी तो खरंच गेला. तेही सरळ मनानं गेला नाही. वाटेत त्यानं ठरवून टाकलं होतं, की 'पावसाच्या आधी साफ करून देतो' म्हणायचं, गुपचूप दुरुस्त करायचं, डब्यात चांगला कंडेन्सर बसवायचा आणि निघायचं. तिला तिचा नवरा मिळेल, आपली अब्रूही राहील, झाकली मूठ सव्वा लाखाची.

झालंही तसंच. मनकर्णाबाईनं गाठोडं सोडून टेप दिला आणि ती चुलीपाशी भाजी निवडत बसली. देवाजीनं दाराशी, उजेडात बसून काम केलं. बारका कंडेन्सर काढून खिशात लपवला. डब्यात मोठा बसवला. गल्लीत पॉवरलूम धडधडत होते, पण बटण दाबल्यावर स्पीकर चिडीचूप राहिला. पहिल्यांदा त्याचा डबा खरोखर बिनघुरघुरीचा झाला होता. त्यानं कॅसेट लावली.

आवाज आला तो जमिनीतून वर आल्यासारखा. भरदार, जरा खरखरीत, सावकाश. बळीराम तार मोजत होता, चार सोडाचे, दोन उचलाचे, आणि मोजता मोजता मध्येच थांबून तो ओरडला, "मनकर्णे, च्या होते का नाही वं?"

"आनतो ना," मनकर्णाबाई म्हणाली आणि भाजीची परात बाजूला सारून उठलीसुद्धा.

मग ती चुलीजवळ तशीच उभी राहिली. वळली, तेव्हा तिचं तोंड पाहण्याची देवाजीला हिंमत झाली नाही. कॅसेटवर बळीराम पुढे सांगतच होता. ती येऊन टेपजवळ बसली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"काय खराब झालं होतं गा?" तिनं विचारलं.

कॅसेटवर धूळ होती, एवढं म्हणायचं. वाक्य तयार होतं. देवाजीनं खिशात हात घातला आणि तो मटाराएवढा कंडेन्सर तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरला.

"हे टाकलं होतं आतमधी. याच्यानं जाड आवाज अडते. घुरघुर बी अडते, मानसाचा आवाज बी."

"कोनं टाकलं?"

"मीच."

"कवा?"

"तुमी पहिल्यांदा दुकानात आल्या त्याच दिवशी. डबा घुरघुरे, म्हनून."

ती त्याच्या तळहाताकडे पाहत राहिली. "मंग सालाच्या दिवशी? जेवाले बसले तवा तुमाले माईत होतं?"

"हो, काकू. पहिल्याच बोलाले कळलं."

मनकर्णाबाई रागावेल, शिव्या देईल, डबा अंगावर फेकेल, अशी त्याला आशा होती. होय, आशाच. तिनं टेप हळूच बंद केला.

"मी रोज त्यायच्या फोटोपुढं उभी राहो," ती म्हणाली. "म्हनो, चाळीस साल तुमच्यासंग राह्यली आन् एका सालात तुमचा आवाज विसरली, माफ करा मले. सात महिने, देवाजी. रोज."

देवाजी बोलायला म्हणून उठला. पण तिनं सात महिने रोज म्हटलेलं तेच 'माफ करा' आपण आता एकदा म्हणून मोकळं व्हायचं, याची त्याला इतकी शरम वाटली की तो पेचकस हातात धरून तसाच उंबऱ्यात उभा राहिला.