वाइन चाखायला गेले तेव्हा

लेकीने इटलीला वर्षभर वाइनचं काम शिकायला जायचं काढलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली, ते बाटलीला लागले आणि बाटलीनेच त्यांना नेलं. त्यानंतर आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत दारूचं कुणी नाव काढलं नव्हतं, आणि माझी मुलगी हॉटेलचं शिक्षण घेऊन नेमकी तीच ओतायला निघाली होती. नवरा म्हणाला, तुम्ही मायलेकी काय ते ठरवा. अडचणीचा विषय निघाला की तो असाच उदार होतो.

"एकदा येऊन बघ तरी, मग नाही म्हण," ती म्हणाली. म्हणून लोअर परळला इटालियन वाइनच्या त्या भल्यामोठ्या जत्रेला गेले. हॉल एका जुन्या गिरणीच्याच आवारात होता. मी नारायणपेठी नेसले होते, कुणाच्या मुंजीला निघाल्यासारखी. दारात हातात काचेचा पेला दिला आणि सांगितलं, हाच घेऊन सगळ्या टेबलांवर फिरा. हा आधी किती जणांच्या तोंडाला लागला असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

लेक एका टेबलामागे उभी राहून लोकांना बारोलो नावाच्या वाइनबद्दल सांगत होती. शेजारी इटलीचा म्हातारा मळेवाला होता. तिला शिकायला बोलावणारा तो हाच. तिने माझ्या पेल्यात घोटभर ओतली. मी मान मागे टाकली आणि घरी पाणी पितो तशी वरून धार सोडली. अर्धी तोंडात गेली, अर्धी नारायणपेठीवर.

"आई, अगं ओठ लाव ना. उष्टं-बिष्टं काय नसतं इथे. ग्लास धुतलेलाच आहे," लेक हळूच म्हणाली आणि पुन्हा थोडी ओतली.

या वेळी ओठ लावले. आधी गुलाबाचा वास आला, मागून डांबराचा, आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. आवडली मला. त्याचाच राग आला.

"तू दिवसाला किती पितेस गं?" मी विचारलं. तेवढंच विचारायला मी आले होते.

तिने स्वतःच्या पेल्यात थोडी ओतली, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि टेबलावरच्या स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकला. रुमालाने तोंड टिपलं.

"पीतच नाही गं. सकाळपासून कितीतरी चाखल्या, एक घोट खाली नाही गेला. गिळत बसले तर पुढची कळणार कशी? काम आहे ना ते."

म्हाताराही वाकला आणि त्याच भांड्यात थुंकला, अगदी सहज.

लहानपणी वडिलांच्या पाया पडून रडायचे मी, नका पिऊ म्हणून. घोट तोंडात घेऊनही बाहेर टाकता येतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि टाकणारी माझीच मुलगी होती. मला भरून आलं. आजूबाजूला लोक हसत-बोलत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ते बरंच झालं.

"तिकडे थंडी फार असते का गं?" मी विचारलं.

लेकीने हातातली बाटली खाली ठेवली आणि ती टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली.