लॉर्नाच्या दारातला माणूस

लॉर्ना पिकेट ही आमच्या गल्लीची चौकीदार. तिची नेमणूक कुणी केली नव्हती. ओहायोतल्या या गावात तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या आणि दाराच्या बेलमधला कॅमेरा एवढंच तिचं जग उरलं. बातम्यांत रोज कुणाचं तरी घर फुटायचंच. मग अनोळखी कुत्रं दिसलं तरी ती गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकायची. आम्ही हसायचो, पण वाचायचो सगळे.

त्या गुरुवारी दुपारी तिने टाकलं: "डोळ्यांवर टोपी ओढलेला माणूस. दारांच्या मुठी चाचपतोय. सावध राहा." त्याच्या कातडीचा रंग तिने लिहिला नव्हता, तो फोटोत दिसत होता. मीही त्या पोस्टखाली पसंतीचा अंगठा दाबला. खोटं कशाला बोलू?

दहा मिनिटांत चाळीस जणांनी लिहिलं. एकीला तो म्हणे गेल्या आठवड्यातही दिसला होता. मग चार घरं पलीकडच्या ड्वाइट केसलरने लिहिलं: "मी निघालोय. बंदूक घेतली आहे." त्यावर अठरा अंगठे.

तेवढ्यात शेजारून लॉर्नाच धावत आली. पायांत घरातल्या सपाता, हातात कागदी पिशवी.

"अगं, ही माझ्या दाराच्या मुठीला अडकवली होती!"

पिशवीवर चर्चचं नाव होतं आणि खाली सूचना: डबाबंद अन्न भरून शनिवारी पायरीवर ठेवा, गरजूंसाठी आम्ही नेऊ. या पिशव्या दर वर्षी येतात. कॅमेऱ्यात माणूस आला होता, हातातली पिशवी आली नव्हती.

"मग लिही ना ग्रुपवर!"

"लिहिलं. कोण वाचतंय आता? गाडी काढ!"

मी गाडी काढली. लॉर्ना फोनवर फोन करत होती. ड्वाइट उचलत नव्हता.

दुसऱ्या वळणावर त्याची गाडी रस्त्यात आडवी उभी होती. तो तिच्या आडून बंदूक रोखून. समोर एका घराच्या पायरीवर विशीतला पोरगा, हात वर, मनगटाला पिशव्यांचा गठ्ठा लटकलेला.

"खाली टाक ते!" ड्वाइट ओरडला.

"टाकतो साहेब. पण त्यासाठी हात हलवू का?"

गाडी नीट थांबायच्या आत लॉर्ना उतरली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"ड्वाइट, खाली कर ती बंदूक! चर्चचा पोरगा आहे."

"बाजूला हो, लॉर्ना."

"नाही होणार!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बंदूक खाली आली.

"तूच लिहिलंस ना?" ड्वाइट तिच्यावर खेकसला. "आणि आता मी वेडा ठरलो काय?"

पोराचे हात अजून वरच होते. खाली घे, असं आमच्यापैकी कुणी त्याला म्हटलंच नव्हतं.

"कॅमेऱ्याची बेल असलेलं ते निळ्या दाराचं घर तुमचं का, बाई?" त्याने विचारलं.

"हो. मीच लिहिलं. चुकलं रे माझं."

"तेव्हा तुम्ही घरात होता?"

लॉर्नाने मानेनेच हो म्हटलं.

"मी दोनदा बेल वाजवली होती. म्हटलं, पिशवी हातातच द्यावी."

दोन्ही वेळा लॉर्ना दाराच्या आतच उभी होती, फोनवर त्याचा चेहरा बघत.