आधी बागडे, मग वासनिक

गणिताच्या विभागात किस्से घडत नाहीत असा लोकांचा समज आहे. साफ चूक! आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, सहली नाहीत, काही फुटत नाही, जळत नाही. मग माणसं काय करणार? चहा पितात आणि एकमेकांकडे बघत बसतात. किस्से साचणारच.

माझ्याकडे साचलेले जवळजवळ सगळे किस्से एकाच माणसाचे आहेत, सुधाकर बागडेचे. तो आज रायपूरच्या आमच्या विद्यापीठाचा कुलगुरू आहे. इकडे त्याला कुलपति म्हणतात. मी मनोहर वासनिक, त्याच विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. इकडे मला 'बागडे सर के दोस्त' म्हणतात.

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळतो. अगदी मनापासून जळतो. त्याची गाडी नको मला, बंगलाही नको. जिथे आम्हा दोघांची नावं येतील तिथे एकदा तरी माझं आधी यावं, एवढंच हवं होतं. पण त्याचं आडनाव इंग्रजी बी-पासून आणि माझं डब्ल्यूपासून. शाळेच्या हजेरीपासून तो पुढे, मी मागे.

*

आम्ही दोघे रायपूरच्याच गुढियारी वस्तीतले. दोघांचे वडील रेल्वेत, मालधक्क्यावर. एम.एस्सी. बरोबर केलं, मग वाटा फुटल्या. सुधाकरने उपयोजित गणित घेतलं, मी शुद्ध गणित घेतलं. 'शुद्ध' या शब्दाला मी भुललो, दुसरं काय!

दोघांनाही विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा माझ्या बाबांनी अंगणात खाट टाकून आमची तोंडी परीक्षा घेतली.

"सुधाकर, तू काय करतं रे तिथं?"

"काका, भट्टीत कुठं किती गरम होते, ते कागदावर काढतो."

बाबा खूश. मग माझ्याकडे वळले. मी सांगितलं, "समीकरणाले उत्तर हाय का नाही, ते मी सिद्ध करतो."

"मंजे उत्तर काढतं?"

"नाही बाबा. उत्तर काय हाय ते नाही काढत. उत्तर हाय, येवढंच सिद्ध करतो."

 बाबा आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलं काय वो? चावी घरातच हाय येवढं सांगाचं, कुठं हाय ते नाही सांगाचं. याची नोकरी लागली पोट्ट्याले!"

*

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात भट्टीच्या आत थर जमायचा. जमत जमत तोंड आवळायचा आणि भट्टी बंद पडायची. सुधाकरने त्याची समीकरणं मांडली, पण कॉम्प्युटर रोज वेगळंच उत्तर द्यायचा. शेवटी तो माझ्याकडे आला.

"मन्या, हे काहून असं करून राहिलं, पाय बरं जरा."

मी उन्हाळ्याची सुट्टी घालवली. एका अटीवर या समीकरणांना उत्तर आहे आणि ते एकच आहे, हे मी सिद्ध केलं. ती अट भट्टीला लावली आणि भट्टी चालू लागली! आमचा पेपर छापून आला. लेखक, बागडे आणि वासनिक.

आता इथे एक खुलासा हवा. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लागतात. कोणी किती काम केलं याचा क्रमाशी संबंध नसतो. पण बाकीच्या जगात, विशेषतः इंजिनियर मंडळींत, पहिलं नाव म्हणजे गुरू आणि दुसरं म्हणजे गुरूची पिशवी धरणारा.

कारखान्याने आम्हाला बोलावलं. सुधाकरला पांढरं हेल्मेट दिलं, त्यावर त्याचं नाव रंगवलेलं. माझ्या हेल्मेटवर 'अतिथि' लिहिलं होतं. मॅनेजर मोठ्या प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बागडे साहब के अंडर पीएचडी कर रहे हैं? बहुत अच्छा! पढ़ने की कोई उम्र नहीं होती!"

*

सुधाकरला हे समजत नव्हतं असं नाही. समजायचं, हाच तर त्रास! एकदा तो स्वतःच म्हणाला, "मन्या, पुढच्या पेपरात तुझं नाव आधी टाकू. कोन पायते?"

मी ताठ मानेनं नाही म्हणालो. "गणितात असं नसते, सुधाकर. रीत हाय ते हाय."

घरी येऊन बायकोला, मंदाला, मोठ्या अभिमानाने हे सांगितलं. ती कणीक मळत होती.

"मंग आता रोज संध्याकाळी कुढत नका बसू," ती म्हणाली.

"मी कुठं कुढतो?"

"नाही तं आडनाव बदलून घ्या. आगलावे करा. ए-पासून येते, अन् तुमच्या स्वभावाले बी शोभते!"

*

मग तो विभागप्रमुख झाला. तेव्हा माझ्याकडे टाइमटेबलचं काम होतं. वर्ग वाढले होते, खोल्या तेवढ्याच होत्या. मी आकडेमोड केली आणि मीटिंगमध्ये फळ्यावर सिद्ध करून दाखवलं की एवढ्या खोल्यांत हे टाइमटेबल बसणं अशक्य आहे. अशक्य म्हणजे अशक्य! सिद्धता इतकी देखणी होती की माझं मलाच भरून आलं.

सुधाकरने शांतपणे ऐकून घेतलं. "एक खोली वाढली तं बसते?"

"बसते. पण खोली आनशील कुठून?"

"माझी केबिन घ्या नं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये बेंच लागले आणि विभागप्रमुख व्हरांड्यात टेबल टाकून बसले. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "क्या आदमी है!" माझी सिद्धता फळ्यावरून पुसली गेली. ती कोणाला आठवतही नाही.

मी घरी म्हणालो, "मले केबिन असती तं मी बी देली असती!"

मंदा म्हणाली, "नसती देली."

*

आमची पोरगी तनुजा. हिच्यावर माझी सगळी भिस्त. गणितात एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. आता ही माझी गादी चालवणार म्हणून मी मिठाई वाटायच्या बेतात होतो. ती पीएचडीला बागडेकाकाकडे गेली!

मी विचारलं, "काहून वो? मी मेलो काय?"

तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी हिंदीत. "पापा, अंकल का काम समझ में तो आता है ना।"

प्रबंध झाला. मी सगळ्यात आधी आभाराचं पान उघडलं. पहिलं नाव मार्गदर्शकांचं, तशी पद्धतच आहे. मग विभाग, मग ग्रंथालय, मग मैत्रिणी, मग कॅन्टीनवाली दीदी. आणि सगळ्यांच्या शेवटी आई-वडील! तीही पद्धतच आहे म्हणे. त्यातही आई आधी.

*

चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मोठा कार्यक्रम असतो. प्रमुख पाहुणा दरवर्षी सुधाकर. त्याचा परिचय करून देणारा दरवर्षी मी. त्याच्या पदव्या मला माझ्या पदव्यांपेक्षा जास्त पाठ आहेत.

एका वर्षी तो कुठल्याशा परिषदेहून यायचा होता आणि गाडी रखडली. लोक ताटकळले, बायका उठू लागल्या. शेवटी मंडळाचा अध्यक्ष माझ्या कानाशी आला. "सर, तुमीच बसा नं आज मेन खुर्चीवर."

मी नको नको म्हणत लगेच उठलो. माइकवर माझं नाव पुकारलं गेलं, एकट्याचं! मंदाने समोरच्या रांगेतून मोबाइल वर धरला. अध्यक्षाने सुधाकरसाठी आणलेला जाडजूड झेंडूचा हार उचलला. मी मान वाकवली. हार माझ्या कपाळावरून नाकापर्यंत उतरला होता, तेवढ्यात मंडपाच्या दारातून कोणीतरी ओरडलं, "रुको रुको! बागडे सर आ गए!"

हार आला तसाच वर गेला. दोन पाकळ्या माझ्या चष्म्यात अडकून राहिल्या. परिचय मात्र मीच करून दिला, पदव्यांसकट.

*

आणि मग कुलगुरूपदाची निवड आली. मीही अर्ज केला होता. का करू नये? आणि गंमत म्हणजे शेवटच्या यादीत आम्ही दोघेही होतो. मुलाखतीच्या दिवशी मंदाने प्रथमच मला न टोकता शर्ट इस्त्री करून दिला. माझी स्कूटर सुरू होईना, म्हणून मी गेलो सुधाकरच्याच गाडीत.

मुलाखतीलाही अक्षरांप्रमाणेच बोलावत होते. तो आधी आत गेला. मी बाहेर बसून घाम पुसत राहिलो. तो बाहेर आला आणि सरळ चहाच्या टपरीकडे निघून गेला. मग मी.

समितीत तीन वयस्कर गृहस्थ होते. इकडचं-तिकडचं विचारून झालं. मग मधले अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "आप दोनों का भट्टी वाला पेपर बहुत मशहूर है. सच-सच बताइए, उसमें असली काम किसका था?"

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट पाहिली होती! अंघोळ करताना, स्कूटर चालवताना, झोप येत नसताना मी याचं उत्तर घोकलं होतं. सगळी सिद्धता माझी. अट माझी. उन्हाळ्याची सुट्टी माझी. तोंड उघडलं. आणि काय झालं कोण जाणे, डोळ्यांसमोर तो आला, बाहेर टपरीवर एकटा चहा पीत उभा असलेला. म्हटलं, आपण त्याच्या पाठीमागे असं बोलायचं? आज तरी मन मोठं करू.

"सर," मी म्हणालो, "गणित में नाम अक्षर के क्रम से लगते हैं. काम दोनों का बराबर था."

बाहेर आलो तेव्हा अंग हलकं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटत नव्हता. टपरीवर त्याने माझ्यासाठीही चहा सांगितला.

"तुले काय इचारलं बे?" तो म्हणाला.

"पेपर कोनाचा ते."

"मले बी तेच. तू काय सांगतलं?"

"दोघांचा, बरोबरीचा. अन् तू?"

सुधाकरने चहा फुंकला. "मी तं सांगून टाकलं, पेपर पुरा वासनिकचा हाय. मी फक्त भट्टी दाखवली."

निकाल लागला तो तुम्हाला माहीतच आहे. पदग्रहण समारंभानंतर जेवणाच्या रांगेत समितीचे तेच अध्यक्ष मला भेटले. ताट हातात धरून, अगदी आपुलकीने म्हणाले, "वासनिक जी, बुरा मत मानिएगा. बागडे जी का दिल देखिए, सारा श्रेय साथी को दे दिया. और आपने आधा रख लिया!"